मॉडेलच्या अलीकडचे आणि पलीकडचे: सेलिस्की यांच्या विनामूल्य ग्रंथातून कॉम्प्युटर व्हिजन

रिचर्ड सेलिस्की यांचा ‘कॉम्प्युटर व्हिजन: अल्गोरिदम्स अँड ॲप्लिकेशन्स’ हा, संगणकाला चित्रांवरून जग समजून घ्यायला शिकवण्याच्या विषयावरचा, ग्रंथ छापील स्वरूपात स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेकडून विकत मिळतो, आणि त्याची पीडीएफ लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. पहिली आवृत्ती २०१०च्या सुमारास आली आणि दुसरी २०२२मध्ये. हे परीक्षण दुसऱ्या आवृत्तीच्या पीडीएफचे आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील अध्यापन आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील दीर्घ संशोधन अशी लेखकाची दुहेरी पार्श्वभूमी असून तिचा परिणाम ग्रंथाच्या घडणीवर स्पष्ट दिसतो. सिद्धान्त सांगून झाला की त्याचा उपयोग कुठे होतो हे दाखवणारा छोटा विभाग बहुतेक प्रकरणांत येतो आणि तो नुसत्या सजावटीसाठी आलेला वाटत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत सुट्या भागांची तपासणी करणारे कॅमेरे बसवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे मी या ग्रंथाकडे कामाच्या गरजेतून वळलो. नौपाड्यातील आमच्या लहानशा अभ्यासगटात माझ्याखेरीज एक निवृत्त गणित शिक्षिका, लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणारा एक मित्र आणि माहिती तंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्याची पुतणी अशी मंडळी आहेत. एकच पान वेगवेगळ्या तयारीच्या वाचकांपर्यंत कसे पोहोचते, हे त्यामुळे आपोआपच पाहायला मिळाले.

कॉम्प्युटर व्हिजन शिकवण्याची सध्याची रूढ पद्धत अशी आहे की तयार, प्रशिक्षित मॉडेल (म्हणजे चित्रे ओळखायला आधीच शिकवलेला प्रोग्रॅम) उतरवून घ्यावे, ते पायथनच्या मोजक्या ओळींत चालवावे, आणि चित्रातील माणसांभोवती व वाहनांभोवती चौकटी उमटल्या की विषय आला असे समजावे. ही पद्धत निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण सुरुवातीचा उत्साह टिकवायला ती मदत करते. पण प्रत्यक्ष कामात अडते ते बहुधा त्या चौकटीच्या अलीकडे किंवा पलीकडे: भिंगाने सरळ कड वाकवलेली असते, दिव्याची चकाकी धातूवर पडलेली असते, किंवा चौकट अचूक येऊनही वस्तू किती मिलिमीटर रुंद आहे हे कुणाला सांगता येत नाही. सेलिस्की यांच्या ग्रंथाचे खरे मोल या अलीकडच्या आणि पलीकडच्या भागात आहे, आणि ज्याला फक्त मॉडेल चालवायचे आहे त्याने या ग्रंथाच्या वाटेला न गेलेलेच बरे.

पहिले प्रकरण प्रास्ताविकाचे आहे. १९६६ साली एमआयटीमध्ये सेमूर पेपर्ट यांनी दृष्टिव्यवस्थेचा मोठा भाग एका उन्हाळ्यात विद्यार्थ्यांकडून उभा करून घेण्याचा प्रकल्प आखला होता. तिथपासून दशकवार इतिहास सांगत लेखक आजच्या न्यूरल नेटवर्कपर्यंत येतो. एका बैठकीत वाचून पुढे जावे असे हे प्रकरण आहे. त्यातली एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत लक्षात ठेवण्यासारखी आहे: त्रिमिती जगाचे द्विमिती चित्र होताना खोलीची माहिती नष्ट होते, आणि ती परत मिळवायची तर जगाबद्दल काहीतरी गृहीत धरावेच लागते. पुढील प्रत्येक प्रकरणात ते गृहीतक कोणते, हा प्रश्न विचारत वाचले तर ग्रंथाचा अवाढव्य पसारा आटोक्यात येतो.

दुसरे प्रकरण, म्हणजे प्रतिमा कशी तयार होते याचे, मला सर्वांत उपयुक्त वाटले. भूमिती, प्रकाश आणि डिजिटल कॅमेरा असे त्याचे तीन भाग आहेत. भूमितीच्या भागात सूचिछिद्र (पिनहोल) कॅमेऱ्याचे जे साधे सूत्र येते, त्यावरून कारखान्यातील एका नेहमीच्या तक्रारीचा उलगडा होतो. समजा, कॅमेरा सुटे भाग वाहून नेणाऱ्या पट्ट्यापासून ५०० मिलिमीटर उंचीवर आहे आणि १९२० पिक्सेलमध्ये १९२ मिलिमीटर रुंदी दिसते, म्हणजे एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा झाला. आता १०० मिलिमीटर लांबीचा एखादा भाग ५ मिलिमीटर वर उचलला गेला, तर अंतर ४९५ राहते आणि तोच भाग सुमारे १०१ मिलिमीटरचा भासतो. मोजणी एक मिलिमीटरने चुकली, पण ना कॅमेरा बिघडला ना प्रोग्रॅम. अशा वेळी अधिक भारी मॉडेल आणून काहीच साधत नाही. भागाची उंची पक्की करावी लागते किंवा टेलिसेंट्रिक भिंग (अंतर बदलले तरी वस्तूचा आकार तोच दाखवणारे) वापरावे लागते. हे उदाहरण माझे आहे, पण ज्या समीकरणातून ते निघाले ते ग्रंथात अगदी सुरुवातीलाच भेटते.

याच प्रकरणात पुढे रंग आणि संवेदक येतात. कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्येक ठिकाणी लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग मोजले जात नाहीत. बेयर रचनेत निम्मे बिंदू हिरव्याचे आणि उरलेल्या निम्म्यात लाल व निळा असतात, आणि राहिलेले आकडे शेजाऱ्यांवरून भरून काढले जातात. त्यावर गॅमा (उजेडाचे आकडे सरळ प्रमाणात न ठेवणारा बदल) चढतो, त्यामुळे फाइलमधला दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट प्रकाश असे राहत नाही. आमच्या छायाचित्रकार मित्राला हा भाग इतका भावला की मधली सगळी प्रकरणे सोडून त्याने थेट संगणकीय छायाचित्रणाचे दहावे प्रकरण उघडले. झगमगते स्टेज आणि अंधारा मंडप एकाच चित्रात सांभाळण्यासाठी वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे कशी एकत्र करतात, हे त्याला तिथे समीकरणांसह मिळाले. प्रकरणे अशी स्वतंत्रपणे वाचता येतात, हे ग्रंथाचे मोठे बलस्थान आहे.

अडचण सुरू होते ती गणितापाशी. मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू, आंशिक विकलन हे सारे अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत होऊन जाते खरे, पण बहुतेकांनी आयगेन व्हॅल्यू परीक्षेपुरत्या काढलेल्या असतात आणि त्या काढायच्या कशासाठी, हा प्रश्न तेव्हा पडलेला नसतो. सेलिस्की तो पडला आहे आणि सुटलाही आहे असे धरून चालतात. दोन चित्रांतील बिंदूंच्या जोड्यांवरून होमोग्राफी (एका चित्रातील बिंदू दुसऱ्या चित्रात कुठे पडेल हे सांगणारे रूपांतर) काढण्याच्या विवेचनात आमच्या विद्यार्थिनीने विचारले, “काका, हा सगळ्यांत लहान आयगेन व्हेक्टर इथे एकदम आला कुठून?” प्रश्न रास्त होता, कारण मुख्य मजकुरात त्याचे उत्तर एका ओळीत उरकले आहे. सविस्तर उत्तर ‘परिशिष्ट अ’मध्ये आहे: लांबी एक ठेवण्याच्या अटीवर वर्गांची बेरीज किमान करायची असेल, तर उत्तर तिथेच जाऊन ठेपते. निवृत्त बाईंनी ते फळ्यावर अर्ध्या तासात सोडवून दाखवले, पण प्रत्येक घरी अशा बाई नसतात. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याने म्हणूनच हे परिशिष्ट शेवटी न ठेवता दुसऱ्या प्रकरणाच्या जोडीनेच वाचावे. त्यातील एसव्हीडी (मॅट्रिक्सचे साध्या घटकांत विघटन) आणि लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणे) यांची पाने पेन्सिल हातात घेऊन सोडवली, तर सात, आठ आणि अकरा ही प्रकरणे खुली होतात. ती टाळली, तर ग्रंथ अर्ध्यावर सुटण्याची शक्यता मोठी आहे.

सातवे प्रकरण वैशिष्ट्यबिंदू शोधण्याचे आणि जुळवण्याचे, तर आठवे चित्रे जोडण्याचे. डेव्हिड लो यांची सिफ्ट पद्धत चित्रातील एकेका ठळक बिंदूचे वर्णन १२८ आकड्यांत करते, आणि दुसऱ्या चित्रात सर्वांत जवळचे वर्णन ज्याचे असेल त्या बिंदूशी त्याची जोडी लावते. मात्र सर्वांत जवळचा आणि त्याखालोखालचा असे दोन उमेदवार जवळजवळ सारखेच असतील, तर ती जोडी संशयास्पद मानून सोडून द्यावी, अशी कसोटी त्यात आहे. ही कसोटी किती आवश्यक आहे हे पाहायचे असेल, तर घोडबंदर रस्त्यावरील कोणत्याही गृहसंकुलाची दोन छायाचित्रे घ्यावीत. तीस मजले, प्रत्येक मजल्यावर तीच खिडकी, तीच जाळी. कसोटी लावली की खिडक्यांच्या जवळजवळ सर्व जोड्या गळून पडतात आणि उरतात त्या एसीच्या बाहेरच्या पेट्या, डिश अँटेना आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे. इमारतीच्या जाहिरातीत जे कधीच दिसत नाही, नेमके त्याच्याच आधारावर संगणक ती इमारत ओळखतो, हे पाहून आमच्या गटात बरीच करमणूक झाली.

कसोटी न लावता पुढे गेल्यास काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. चुकीच्या जोड्या गाळण्यासाठी फिशलर आणि बोल्स यांनी १९८१मध्ये मांडलेली रॅनसॅक पद्धत वापरली जाते: चार जोड्या यादृच्छिक निवडायच्या, त्यांवरून होमोग्राफी काढायची, आणि बाकीच्या किती जोड्या तिच्याशी सहमत आहेत ते मोजायचे. निम्म्या जोड्या खऱ्या असतील, तर चारही खऱ्या निवडल्या जाण्याची शक्यता सोळात एक येते, आणि निदान एकदा तरी तसे घडेल याची ९९ टक्के खात्री हवी असेल तर ७२ फेऱ्या पुरतात. खऱ्या जोड्या तीसच टक्के असल्या, तर हाच आकडा साडेपाचशेच्या पुढे जातो. ग्रंथात हे सूत्र आणि त्याचे कोष्टक दिलेले आहे. पण या हिशेबात चुकीच्या जोड्या एकमेकींशी सहमत नसतील असे गृहीत धरलेले असते, आणि घोडबंदरच्या इमारतीत नेमके तेच खोटे ठरते. एका मजल्याने सरकलेल्या सगळ्या जोड्या परस्परांशी पूर्ण सहमत असतात, आणि रॅनसॅक आत्मविश्वासाने एक मजला चुकलेले चित्र जोडून देते. पाठ्यपुस्तकातील सूत्रामागचे गृहीतक कुठे मोडते हे स्वतःच्या गावातील चित्रांवर पाहणे, ही या ग्रंथाच्या अभ्यासाची सर्वांत चांगली रीत आहे असे माझे मत झाले आहे.

मासुंदा तलावाचे विस्तीर्ण चित्र जोडण्याचा सराव आठव्या प्रकरणासाठी असाच फलदायी ठरला. गडकरी रंगायतनच्या बाजूने उभे राहून मोबाइल फिरवत छायाचित्रे घेतली, तर पलीकडचा काठ सुरेख जुळतो, पण जवळचे कठड्याचे गज दुहेरी दिसू लागतात, कारण होमोग्राफी अचूक लागू पडते ती कॅमेरा जागेवर ठेवून फक्त फिरवला तर, किंवा समोरचे दृश्य सपाट असेल तर. मोबाइल हातात धरून आपण स्वतःभोवती वळतो, तेव्हा कॅमेराही जागेवरून सरकतो. दूरच्या काठाला त्या सरकण्याचा फरक पडत नाही, हातभर अंतरावरच्या गजांना पडतो. तलावातील होड्यांचा प्रश्न निराळा: त्या खरोखरच हललेल्या असतात, आणि दोन चित्रांची सरासरी घेतली की त्यांची भुते उरतात. उपाय म्हणून जोडरेषा होडीला वळसा घालून कशी न्यायची आणि त्या रेषेवरचा उजेडातला फरक कसा मिटवायचा, यावरचे सेलिस्की यांचे विवेचन उत्तम आहे. चित्रजोडणी हे त्यांचे स्वतःचे संशोधनक्षेत्र राहिले आहे, आणि ही पाने दुसऱ्यांचे निबंध वाचून लिहिलेली नाहीत हे जाणवते.

खोलीचा अंदाज घेण्याच्या बाराव्या प्रकरणावर लांबण लावण्याची गरज नाही, पण एक हिशेब देतो. दोन कॅमेऱ्यांत १० सेंटिमीटर अंतर आणि नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) १००० पिक्सेल धरले, तर ५ मीटरवरील वस्तू दोन्ही चित्रांत २० पिक्सेलच्या फरकाने दिसते आणि १० मीटरवरील १० पिक्सेलच्या. जुळवणीत एका पिक्सेलची चूक झाली, तर पहिल्या ठिकाणी सुमारे २६ सेंटिमीटरची गल्लत होते आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे १ मीटर ११ सेंटिमीटरची. अंतर दुप्पट, चूक जवळजवळ चौपट. वाहनतळावर दोन कॅमेरे लावून अंतर मोजण्याचे प्रस्ताव घेऊन येणाऱ्या मंडळींपुढे हे गणित ठेवले की चर्चा लवकर मार्गी लागते.

आता उणिवांकडे. दुसऱ्या आवृत्तीत डीप लर्निंगसाठी स्वतंत्र पाचवे प्रकरण घातले आहे आणि चित्रातील वस्तू ओळखण्याचे (रेकग्निशन) प्रकरण अगदी शेवटून उचलून सहाव्या क्रमांकावर आणले आहे. काळाला धरूनच हा बदल झाला, पण पाचव्या प्रकरणाची वीण बाकीच्या ग्रंथासारखी घट्ट नाही. सपोर्ट व्हेक्टर मशीनपासून कन्व्होल्युशनपर्यंत आणि तिथून ट्रान्सफॉर्मर व जनरेटिव्ह मॉडेलपर्यंत सगळे एकाच प्रकरणात बसवायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ओळख करून देण्याइतकीच जागा येते. बॅकप्रोपगेशन, म्हणजे चुकीवरून नेटवर्कला शिकवण्याची रीत, पहिल्यांदाच शिकणाऱ्याला त्यावरून स्वतः नेटवर्क लिहिता येईल असे मला वाटत नाही. ठिकठिकाणी परिच्छेद संदर्भग्रंथांच्या नावांनीच भरून जातो: अमुक यांनी हे केले, तमुक यांनी त्यात सुधारणा केली. संशोधकाला हे सोन्याहून पिवळे, पण नवख्याला त्यातून काय आधी वाचावे याचा काहीच बोध होत नाही. शिवाय ग्रंथ २०२२चा असल्यामुळे त्यानंतर गाजलेली गॉसियन स्प्लॅटिंगसारखी, छायाचित्रांवरून त्रिमिती दृश्य उभारणारी तंत्रे त्यात असणे शक्य नाही. २०२०मध्ये आलेल्या नर्फ या त्याच कामाच्या तंत्रापर्यंतची वाटचाल मात्र चौदाव्या प्रकरणात आहे. न्यूरल नेटवर्कसाठी टोराल्बा, आयसोला आणि फ्रीमन यांचा २०२४चा ‘फाउंडेशन्स ऑफ कॉम्प्युटर व्हिजन’ हा ग्रंथ जोडीला घ्यावा. तोही ऑनलाइन विनामूल्य वाचता येतो आणि त्याची प्रकरणे आटोपशीर आहेत. ज्यांना वाचण्याआधी ऐकलेले बरे वाटते, त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील श्री नायर यांची यूट्यूबवरील व्याख्यानमाला पाहावी. प्रकाश आणि कॅमेरा यांविषयी त्यांच्याइतके स्वच्छ बोलणारे मी तरी ऐकलेले नाही.

स्वाध्याय प्रकरणाच्या शेवटी आहेत आणि ते गंभीर आहेत. काही संध्याकाळभरात होण्यासारखे, तर काही एखाद्या सत्राचा प्रकल्प ठरावा एवढे मोठे. उत्तरे पुस्तकात नाहीत. पुस्तक कोणत्याही एका प्रोग्रॅमिंग भाषेला बांधलेलेही नाही, तयार कोड शोधणाऱ्याला ओपनसीव्ही या विनामूल्य प्रोग्रॅमसंग्रहाच्या दस्तऐवजांकडेच जावे लागते. हे मी गुण म्हणून मोजतो, कारण ओपनसीव्हीचे फंक्शन आधी बोलावून मग तेच काम स्वतःच्या कोडने करून दोन्हींची तुलना करणे हा स्वाध्याय तपासण्याचा चांगला मार्ग ठरतो. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने सगळे स्वाध्याय करण्याचा हट्ट धरू नये. कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याच्या भिंगाची व मापांची मोजदाद), चित्रजोडणी आणि दोन चित्रांवरून खोली हे तीन पूर्ण केले तरी पुष्कळ झाले. कॅलिब्रेशनसाठीचा बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना छापून साध्या पुठ्ठ्यावर चिकटवू नये, कारण पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत पुठ्ठा पोक काढतो आणि ती वक्रता हिशेबात भिंगाच्या नावावर जमा होते. काचेवर चिकटवावा.

पीडीएफ वापरण्याविषयीही थोडे सांगायला हवे. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मोबाइलवर मजकूर वाचता येतो, समीकरणे वाचता येत नाहीत. त्यासाठी निदान दहा इंची टॅब्लेट लागतो. स्टेशनजवळ झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग करून घेणे सोयीचे आहे, पण ऑप्टिकल फ्लो (चित्रातील हालचाल) आणि खोलीच्या आकृत्यांमध्ये दिशा व अंतर रंगानेच दाखवलेले असते, त्यामुळे नववे आणि बारावे प्रकरण कृष्णधवल छापून काही हाती लागत नाही. परवानगी वैयक्तिक वापरापुरती असून फाइल दुसऱ्या संकेतस्थळावर चढवू नये असे लेखकाने स्पष्ट म्हटले आहे. अभ्यासगटातील प्रत्येकाने ती लेखकाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावी, हेच योग्य. त्यात एक व्यावहारिक फायदाही आहे: हस्ते परहस्ते फिरणाऱ्या फायलींमध्ये पहिल्या आवृत्तीचा २०१०चा मसुदा अजूनही आढळतो. अनुक्रमणिकेत वस्तू ओळखण्याचे (रेकग्निशन) प्रकरण चौदावे असेल आणि डीप लर्निंगला स्वतंत्र प्रकरण नसेल, तर ती जुनी प्रत समजावी. नव्या पीडीएफचे आणि छापील प्रतीचे पृष्ठक्रमांकही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे गटात एखादा भाग वाचायला सांगताना पानाऐवजी विभागाचा क्रमांक सांगावा.